वापरलेले तेल थेट टाकीत नको

डिझेलचा दर नव्वदीच्या घरात गेल्यापासून एक युक्ती वारंवार चर्चेला येते. जुनी डिझेल गाडी घ्यायची, हॉटेलातून तळणीचे वापरलेले तेल आणायचे, ते फडक्यातून गाळायचे आणि टाकीत ओतायचे. गाडी चालते, एक्झॉस्टमधून भज्यांचा वास येतो आणि इंधनाचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो, असे सांगितले जाते. ही युक्ती खोटी नाही. जुने डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालते, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. म्हणूनच तिला हसण्यावारी न नेता नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की, वाहनाच्या टाकीत वनस्पती तेल, ताजे असो वा वापरलेले, थेट ओतण्याला आपल्याकडे उत्तेजन देऊ नये. तळणीचे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याला मात्र आज दिले जाते त्याच्या कितीतरी पट अधिक बळ द्यावे. त्यामागचे मुख्य कारण इंधनबचतीचे नाही, आरोग्याचे आहे.

युक्तीच्या बाजूने पहिला दाखला दिला जातो तो खुद्द रुडॉल्फ डिझेल यांचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असल्याने तिथे स्थानिक इंधन वापरता येईल का, हे फ्रेंच सरकारला पाहायचे होते. पुढे १९१२ मध्ये डिझेल यांनी स्वतः या प्रयोगाचा उल्लेख करून वनस्पती तेलांना भविष्य असल्याचे मत मांडले. हे सारे खरे आहे. पण त्या काळच्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकले जाई. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागे, इंजिन अवजड असे आणि ते सावकाश फिरे. घट्ट तेलही त्या झोतात बऱ्यापैकी फुटून जाई. पुढे कॉम्प्रेसर गेला आणि पंप व नोझल आले, ते पातळ खनिज डिझेल डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले. १९०० चे इंजिन आणि आज रस्त्यावर असलेली जुन्यात जुनी जीप यांच्यात हा मोठा फरक आहे. तो जाणकारांच्या लवकर लक्षात आला होता. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान यांनी पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून इंधन बनवण्याचे पेटंट घेतले आणि १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर त्या इंधनावर प्रवासी बस धावली. तेल होते तसे जाळण्याऐवजी आधी त्याचे रूप बदलावे, हा विचार इतका जुना आहे.

रूप का बदलावे लागते, हे नोझलपाशी कळते. खनिज डिझेलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटीस्टोक्स असतो, तर सोयाबीन, सूर्यफूल, मोहरी यांच्या तेलांचा तीस-पस्तीसच्या पुढे. नोझलच्या टोकाशी केसाएवढी बारीक भोके असतात. त्यातून डिझेल बाहेर पडते ते धुक्यासारखे, आणि गरम हवेत क्षणात पेटते. दाट तेलाचे धुके होत नाही, त्याचे जाड थेंब होतात. मोठा थेंब वरून जळतो, आतून करपतो, आणि ते करपलेले अवशेष नोझलच्या टोकावर साठू लागतात. काही दिवसांनी नोझल उघडून पाहिले तर भोकांभोवती काळा, कडक, फुलकोबीसारखा थर चढलेला दिसतो. मग फवारा वाकडा पडतो, जळणे आणखी बिघडते, थर आणखी वाढतो. न जळलेले तेल पिस्टनच्या रिंगांत चिकटून रिंगा धरतात, कॉम्प्रेशन जाते, आणि उरलेले तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिझेल ऑइलमध्ये उतरले तर उष्णतेने बरेचसे उडून जाते. वनस्पती तेल उडत नाही. ते तिथेच साचते, उष्णता आणि हवा लागून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ऑइल खिरीसारखे घट्ट होऊ लागते. सोयाबीन, सूर्यफूल, जवस अशा ‘सुकणाऱ्या’ तेलांत हा दोष जास्त, खोबरेल आणि पामतेलात कमी. पण ही दोन तेले थंडीत गोठतात, खोबरेल तर २४-२५ अंशांखालीच. तळणीच्या तेलात यात भर पडते ती बेसनाचे कण, मीठ, पाणी आणि तळून तळून तयार झालेली आम्ले यांची. फडक्याने कण अडतात. विरघळलेले मीठ आणि आम्ल अडत नाही, आणि पंपाचे पोलाद नेमके त्यांनीच खाल्ले जाते.

यावर जाणकारांचे उत्तर तयार असते: प्रत्येक इंजिन सारखे नसते. ते बरोबर आहे. ज्या इंजिनात इंधन आधी छोट्या पूर्वकक्षात पेटते आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये शिरते, ती इंजिने दाट तेल बरीच सहन करतात. परदेशात या छंदासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकातील मर्सिडीज डिझेल गाड्यांना मागणी आली ती यामुळे. त्याच घराण्यातले ओएम ६१६ इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोने परवाना घेऊन बनवले आणि ट्रॅक्ससारख्या गाड्यांत बसवले. प्यूजो इंजिन असलेल्या महिंद्रा जीपही याच वर्गातल्या. ग्रामीण महाराष्ट्रात वडापची सेवा वर्षानुवर्षे अशाच गाड्यांनी ओढली. दोन टाक्यांची पद्धतही आहे. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल. गाडी डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवायचे, मग तेलावर वळवायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून पाइप धुऊन काढायचे. जर्मनीत तर मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे स्वतंत्र मानकच आहे. पण त्याच जर्मनीत या शतकाच्या सुरुवातीला सरकारी मदतीने शंभरावर ट्रॅक्टर रेपसीड तेलासाठी बदलून घेतले गेले आणि रोस्टॉक विद्यापीठाने त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले. बरेचसे ट्रॅक्टर नीट चालले, पण उरलेल्यांत पंप, नोझल आणि इंजिनाचे मोठे बिघाड झाले. तेल ताजे आणि मानकाचे, फेरबदल तज्ज्ञांनी केलेला, देखभाल काटेकोर, आणि तरीही हा निकाल. आपल्याकडे फडक्याने गाळलेले तेल, गावच्या गॅरेजातली जोडणी आणि ऑइल बदलण्यात होणारी चालढकल यांच्या जोरावर त्याहून बरे काही हाती येईल असे मानायला आधार नाही. शिवाय कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत हा प्रयोग करण्याचा प्रश्नच नाही. दीड-दोन हजार बारच्या दाबाचा पंप आणि भारत स्टेज ६ चा धुराचा फिल्टर हे दोन्ही भाग या तेलाने अल्पावधीत निकामी होऊ शकतात.

‘गाडी माझी, धोका माझा’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. छंद म्हणून जुनी गाडी सांभाळणाऱ्याला तो धोका परवडत असेल. ब्रिटनने २००७ पासून वर्षाला २५०० लिटरपर्यंत असे इंधन स्वतः तयार करून वापरणाऱ्याला इंधनकरातून मोकळे केले, त्यामागे हीच समज होती. पण आपल्याकडे जुनी डिझेल गाडी बहुधा छंदाची नसते. ती भाजी, दूध, प्रवासी वाहणारी असते आणि तिच्यावर एक घर चालते. महिन्याला वाचलेले डिझेलचे पैसे एका पंप-नोझलच्या कामात जातात, आणि रिंगा धरल्या तर इंजिन काढावे लागते, म्हणजे आठवडाभर धंदा बंद. ही झळ सर्वात आधी त्यांनाच बसते ज्यांना स्वस्त इंधनाची सर्वाधिक गरज असते. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि इंधनाचा प्रकार हा त्या तपशिलाचा भाग आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याबद्दल विचारेल. धुराचे म्हणाल, तर आपली पीयूसी चाचणी डिझेल गाडीच्या धुराचा केवळ काळेपणा मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्यात दिसतच नाहीत, आणि वनस्पती तेलाने ती काही वेळा वाढू शकतात. थंड इंजिनात अर्धवट जळलेल्या तेलाचा डोळ्यांना झोंबणारा धूर तर मोजण्याच्या वेळी, इंजिन गरम असताना, निघतच नाही.

आता एका गाडीवरून देशाकडे वळू. भारतात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळते. सर्व प्रकारचे खाद्यतेल मिळून आपण खातो सुमारे अडीच कोटी टन, आणि त्यातलेही निम्म्याहून अधिक आयात करतो. म्हणजे उद्या देशातल्या प्रत्येक कढईतले, प्रत्येक फोडणीतले तेल काढून घेऊन इंजिनात घातले, तरी डिझेलची तिसऱ्या हिश्श्याएवढीही गरज भागणार नाही. कच्च्या तेलाची आयात कमी करण्यासाठी खाद्यतेलाची आयात वाढवायची, हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही. ताजे तेल इंधनाकडे वळले की काय होते, हे इंडोनेशियाकडे पाहून समजते. तो देश आपल्याला पामतेल पुरवणाऱ्यांत अग्रणी आहे. त्याने डिझेलमधील पामतेलाच्या बायोडिझेलचे प्रमाण २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्के केले. तिकडे गाड्यांच्या टाक्यांत जाणारे प्रत्येक टन तेल निर्यातीतून कमी होते आणि त्याचा ताण आपल्या किराणा दुकानातल्या पिशवीच्या भावावर येतो. एप्रिल-मे २०२२ मध्ये त्याच देशाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपण या एका पुरवठ्यावर किती अवलंबून आहोत ते दिसले होते.

शेतकऱ्याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा अधिक वजनदार आहे. लातूरच्या किंवा वाशिमच्या शेतकऱ्याला सोयाबीनचा हमीभाव बाजारात अनेकदा मिळत नाही. मग त्याने स्वतःच्या सोयाबीनचे तेल काढून स्वतःचा ट्रॅक्टर का चालवू नये? डिझेलच्या दरवाढीतून सुटका होईल आणि गावातला पैसा गावात राहील. या मागणीमागची वेदना खरी आहे, पण गणित तिच्या विरुद्ध जाते. एक क्विंटल सोयाबीनमधून कारखान्यात सुमारे १८ किलो तेल निघते, गावच्या घाण्यावर त्याहून कमी. म्हणजे जास्तीत जास्त २० लिटर. सोयाबीन तेलाचा भाव डिझेलपेक्षा चढा असल्याने ते तेल विकून डिझेल घेतले तर शेतकऱ्याच्या हातात चार पैसे उरतात, जाळले तर ते पैसे जळतात. त्यात आपले बहुतेक ट्रॅक्टर पूर्वकक्षाचे नाहीत. त्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, म्हणून दाट तेल त्यांना अधिक बाधते. सोयाबीनच्या भावाचा प्रश्न खरेदी केंद्रे वेळेवर उघडण्याचा, ओलाव्याच्या अटीचा आणि तेल-पेंडीच्या आयात-निर्यात धोरणाचा आहे. तो ट्रॅक्टरच्या टाकीत सुटणार नाही. अखाद्य तेलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. करंजाच्या तेलावर एका जागी बसवलेली जनरेटरची इंजिने चालवण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकात पुढे नेले. असे इंजिन तासनतास एका वेगाने, भाराखाली, गरम चालते, आणि तेलाला तेच मानवते. वीज न पोचलेल्या ठिकाणी त्याला जागा आहे. पण तेथून उडी घेऊन मोगली एरंडाच्या लागवडीवर देशभराचे डिझेल पिकवण्याचे जे स्वप्न २००३ नंतर पाहिले गेले, त्याचे काय झाले ते आपण जाणतो. पडीक, कोरड्या जमिनीत झाड जगले, पण बियांचे उत्पन्न कागदावरच्या आकड्यांजवळही आले नाही, आणि २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पुढे ढकलून शेवटी सोडून द्यावे लागले.

मग उरते ते वापरलेले तेल, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा तिथे आहे. संध्याकाळी गाडीवरचा शेवटचा घाणा निघाला की कढईत जे काळपट, फेसाळ, जड झालेले तेल उरते, त्याचे पुढे काय होते? मोठ्या फरसाणवाल्याकडचे किंवा हॉटेलातले तेल अनेकदा छोट्या विक्रेत्याला विकले जाते, कारण ताज्या तेलापेक्षा ते बरेच स्वस्त पडते. तो त्यात थोडे नवे तेल घालून आणखी तळतो. अगदीच वापरण्याजोगे राहिले नाही की ते गटारात जाते आणि तिथे गोठून नाला तुंबवते. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ म्हणून मोजली जाणारी विघटित द्रव्ये वाढतात. रक्तदाब, रक्तवाहिन्या कठीण होणे, यकृताचे विकार यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली. हातात धरण्याचे एक यंत्र असते, त्याची दांडी गरम तेलात काही क्षण बुडवली की आकडा दिसतो आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो. निरीक्षकाच्या पिशवीत मावणारे हे साधन आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेल बनवण्याची ‘रुको’ योजना आणली आणि २०२२ पर्यंत २२० कोटी लिटर तेल असे मिळू शकेल असा अंदाज मांडला. २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकाला तेलाची नोंद ठेवणे आणि ते अधिकृत संकलकालाच देणे बंधनकारक झाले.

तरीही चित्र फारसे पालटले नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने डिझेलमध्ये २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आणि प्रमाण मात्र एक टक्क्याच्याही खाली रेंगाळले. कारण भावात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलसाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये, दुसऱ्याचा ५२ रुपये ७० पैसे आणि तिसऱ्याचा ५४ रुपये ५० पैसे असा आधीच ठरवून टाकला होता. त्या दरात प्रक्रिया, मिथेनॉल, वाहतूक आणि नफा वजा केला तर संकलक हॉटेलवाल्याला जे देऊ शकतो, त्याहून जास्त पैसे छोटा विक्रेता हातात ठेवतो. पुढे २०२१-२२ मध्ये खाद्यतेल कडाडले तेव्हा तर ही दरी आणखी रुंदावली. नियम एका बाजूला आणि रोकड दुसऱ्या बाजूला असली की माल कुठे जातो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळू नये. छोट्या विक्रेत्याकडे जाणारे वापरलेले तेल काढून घेतले तर तो ताजे तेल घेईल, म्हणजे खाद्यतेलाची आयात थोडी वाढेलच. मग मिळवले काय? इंधनाच्या दृष्टीने खरोखरच फार नाही. २२० कोटी लिटरचा तो आशावादी अंदाज पुरा उतरला असता, तरी देशाच्या वार्षिक डिझेलपैकी तो सुमारे दोन टक्केच भरतो. म्हणूनच या तेलाकडे आधी आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे. वडापाव खाऊन दुपार काढणाऱ्या माणसाच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या हाताचे तेल जाऊ नये, यासाठी जो जास्तीचा खर्च येईल तो समाजाने सोसावा असाच आहे, आणि बायोडिझेल त्यातला काही भाग परत करते. एकेकट्या गाडीवाल्याने दोन-चार हॉटेलांतून डबे उचलल्याने हे साधत नाही. त्याला बरे, कमी तळलेले तेल हवे असते. सर्वात खराब तेल, जे अन्नसाखळीतून आधी बाहेर पडायला हवे, ते तो घेत नाही. प्रक्रिया प्रकल्पाला मात्र तेही चालते. आम्ल जास्त असेल तर आधी त्यावर एक वेगळी प्रक्रिया करतात, मग मिथेनॉल आणि कॉस्टिकने तेलातले ग्लिसरीन वेगळे काढतात. शंभर लिटर तेलातून जवळपास तेवढेच बायोडिझेल मिळते आणि त्याचा दाटपणा चार-पाच सेंटीस्टोक्सपर्यंत उतरतो. घरच्या ड्रममध्ये हे करू नये, मिथेनॉलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते.

‘बायोडिझेल’ या नावाचा आपल्याकडे झालेला गैरवापर हाही आक्षेप म्हणून पुढे येतो, आणि तो रास्त आहे. काही वर्षांपूर्वी गुजरात आणि महाराष्ट्रात महामार्गांलगतच्या बेकायदा पंपांवर छापे पडले, तेव्हा त्या नावाखाली औद्योगिक तेलांची भेसळ ट्रकांना विकली जात असल्याचे समोर आले. पण तेलाचे थेट मिश्रण मोकळे सोडले तर याच धंद्याला पांघरूण मिळेल. कोणत्याही टाकीतल्या कोणत्याही द्रवाला मग ‘वनस्पती तेल’ म्हणता येईल. आयएस १५६०७ या मानकाला उतरलेले बायोडिझेल प्रयोगशाळेत तपासता येते, भेसळ करणाऱ्याला दोषी ठरवता येते. जुन्या गाडीच्या मालकालाही यात लाभ आहे. अशा बायोडिझेलचे थोडे प्रमाण मिसळलेले डिझेल त्याच्या जुन्या पंपाला वंगणच देते. रबरी नळ्या जुन्या असतील तर त्या बदलाव्यात, आणि टाकीच्या तळाचा गाळ सुटून पहिले एक-दोन फिल्टर लवकर चोक होतात, हे धरून चालावे.

तेव्हा मागणी नेमकी असावी. बायोडिझेलचा खरेदीदर तीन वर्षांसाठी गोठवून न ठेवता दर तिमाहीला डिझेल आणि पामतेलाच्या भावांशी जोडावा, म्हणजे संकलकाला छोट्या विक्रेत्याच्या तोडीचे पैसे देता येतील. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रत्येक निरीक्षकाकडे तेल तपासण्याचे यंत्र असावे. ५० लिटरच्या अटीमुळे सुटणाऱ्या हजारो हातगाड्यांसाठी महापालिकेने प्रभागनिहाय ठरलेल्या वारी तेल उचलण्याची सोय करावी, दंडाच्या धाकाने नव्हे, किलोमागे जागेवर रोख देऊन. आणि शहरात गोळा झालेल्या तेलाचे बायोडिझेल त्याच शहराच्या कचरागाड्यांत आणि एसटीच्या डिझेल बसगाड्यांत आधी मिसळावे. या गाड्या रोज एकाच डेपोत परततात, एकाच पंपावर इंधन भरतात आणि त्यांच्या फिल्टर-नोझलची नोंद एकाच वहीत राहते. त्या वहीतून दोन वर्षांत कळेल की पाच, दहा, वीस टक्के मिश्रण आपल्या जुन्या इंजिनांना किती मानवते, आणि तेव्हा खासगी वाहनमालकाला आकड्यानिशी सल्ला देता येईल.